हिवाळ्यात पाहुण्यांसाठी पूलचे पाणी तापवताना

वाचकाचे पत्र

गिरणारे रस्त्याला द्राक्षबागेच्या कडेला आमचा बंगला आहे आणि शुक्रवार ते रविवार तो आम्ही मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना भाड्याने देतो. अंगणात ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि साडेतीन ते पाच फूट खोल असा स्विमिंग पूल आहे. उन्हाळ्यात त्याच्यामुळेच बुकिंग मिळते, परंतु डिसेंबर लागला की मुले पाण्यात पाय घालतात आणि ओरडत बाहेर येतात. मागच्या आठवड्यात सकाळी सात वाजता पाणी १९ अंश होते. जाहिरातीत आम्ही ‘वर्षभर पोहण्याची सोय’ असे लिहिले आहे, त्यामुळे एका कुटुंबाने थेट पैसेच परत मागितले. दीर म्हणतात, चार हीटिंग रॉड सोडा. शेजारी म्हणतात, मोठा बंब बसवा. आणि एक विक्रेता ९ किलोवॅटचा हीट पंप पुरेल असे सांगतो. यांपैकी काय करावे? फक्त शनिवार-रविवारपुरते पाणी तापवता येईल का? खर्च झेपेल का? आणि त्या कुटुंबाला काय उत्तर द्यावे?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार, ताई,

आपण पाण्याचे तापमान मोजून कळवले, त्यामुळे मला अंदाजाने न बोलता हिशेबाने बोलता येईल. मात्र हिशेबाच्या आधी एक गोष्ट निक्षून सांगते. दिरांनी सुचवलेला रॉडचा उपाय आजच मनातून काढून टाका. ज्या पाण्यात माणसे उतरतात त्या पाण्यात घरगुती रॉड सोडणे जिवावर बेतते, आणि ‘आधी तापवू, मग काढून घेऊ’ ही शिस्त पाहुण्यांच्या गडबडीत एखाद्या दिवशी मोडल्याशिवाय राहत नाही. शिवाय त्याने पाणी तापणारही नाही. आपल्या पूलमध्ये सुमारे ५४ हजार लिटर पाणी आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे आपला पूल केवळ एका अंशाने तापवायला सुमारे ६३ युनिट इतकी उष्णता हवी. १९ अंशांवरून २८ अंशांवर जायचे तर ती ५६५ युनिट होते. तीन किलोवॅटचा गिझर किंवा तेवढेच रॉड लावले तर एवढ्या उष्णतेसाठी ते जवळजवळ आठ दिवस अखंड चालवावे लागतील, आणि तेही मधल्या काळात पाणी अजिबात निवत नाही असे धरले तर. प्रत्यक्षात ते रोज निवतेच, त्यामुळे आठ दिवसांनीही आपण २८ अंशांच्या जवळ पोहोचलेल्या नसाल.

शेजाऱ्यांच्या बंबाचाही हाच हिशेब करून पाहा. शंभर लिटर पाणी खळखळ उकळून पूलमध्ये ओतले तर तापमान एका अंशाच्या जेमतेम सातव्या हिश्शाने वाढेल. पूलचेच पाणी बंबातून फिरवायचे म्हटले तर तांब्याला क्लोरीनचे पाणी मानवत नाही. पाण्याचा सामू (पीएच) थोडा जरी घसरला तरी तांबे झिजते आणि टाइल्सवर हिरवट डाग उतरतात. लाकूडफाटा, धूर आणि रात्रभर राखण करणारा माणूस हे सगळे वेगळेच. गॅसवर चालणारा हीटर मात्र खरोखर वेगाने तापवतो. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून हीटरची तूट वजा जाता सुमारे २०० युनिट उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे पहिल्यांदा तापवण्यासाठीच आपल्याला जवळपास तीन सिलिंडर लागतील आणि पुढे प्रत्येक आठवड्याला पुन्हा खर्च येईल. अचानक आलेल्या एखाद्या मोठ्या बुकिंगसाठी तो ठीक आहे, दर आठवड्यासाठी नाही. घरगुती सिलिंडर या कामाला वापरणे नियमाविरुद्ध आहे, आणि बंद पंपघरात गॅसचा हीटर बसवणे धोक्याचे आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे गुदमरून माणसे दगावतात, तोच धोका तेथेही असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या तिन्ही सल्लागारांनी उष्णता कशी घालावी एवढेच सांगितले. ती जाते कुठून, हे कोणीच विचारले नाही. उघड्या पूलमधील सर्वाधिक उष्णता पाण्याची वाफ होऊन जाते. एक लिटर पाणी पृष्ठभागावरून उडून जाताना पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता उरलेल्या पाण्यातून ओढून नेते. आपल्या पूलचा पृष्ठभाग जवळजवळ ४२ चौरस मीटर आहे. एका दिवसरात्रीत पातळी केवळ ५ मिलिमीटरने उतरली असे धरले, तरी २०० लिटरहून अधिक पाणी हवेत गेले आणि त्याच्यासोबत सुमारे १४० युनिट उष्णता गेली, म्हणजेच पाणी सव्वादोन अंशांनी निवले. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची हवा कोरडी असते, उत्तरेचे वारे सुटतात, निफाडकडे पारा एक आकडी होतो आणि गिरणारेच्या मोकळ्या शिवारातही पहाट काही वेगळी नसते. तापवलेले पाणी अशा हवेत उघडे ठेवणे म्हणजे पैसे वाफेवर सोडणे आहे.

म्हणून पहिली खरेदी यंत्राची नव्हे, आच्छादनाची करावी. पूलसाठी निळसर रंगाची, हवेचे फुगे असलेली प्लास्टिकची जाड चादर मिळते. तिला बाजारात बबल कव्हर किंवा सोलर कव्हर म्हणतात. ती साधारण ४०० ते ५०० मायक्रॉन जाडीची घ्यावी आणि फुग्यांची बाजू पाण्याकडे करून अंथरावी. पुष्कळ ठिकाणी ती उलटी अंथरलेली दिसते, कारण गुळगुळीत बाजू खाली असावी असे वाटते. ही चादर वाफ जवळजवळ थांबवते आणि ऊन मात्र आत जाऊ देते. हिवाळ्यातले आपले आकाश स्वच्छ असते. सावली नसलेल्या पूलला नुसते ऊनच दिवसाकाठी दीड ते दोन अंशांइतकी उष्णता देते, पण ती रात्रीत निघून जाते म्हणून आपल्याला तिचा पत्ता लागत नाही. केवळ चादर नियमाने घातल्याने आठवड्याभरात तीन-चार अंशांचा फरक पडावा अशी माझी अपेक्षा आहे, आणि तो आपण आपल्याच थर्मामीटरवर पाहू शकाल.

चादरीसोबत तिचा रोलर नक्की घ्या. रोलर नसेल तर ओली चादर ओढायला दोन माणसे लागतात, राखणदाराला ते काम नकोसे होते आणि पंधरा दिवसांत ती चादर पंपघरामागे घडी होऊन पडते. त्याहून महत्त्वाची बाब सुरक्षिततेची आहे. ही चादर माणसाचे वजन पेलत नाही. ती जमिनीसारखी दिसते, त्यामुळे लहान मूल तिच्यावर चालू लागले तर तिच्यासकट पाण्यात जाते आणि वरून कोणाला दिसतही नाही. पाण्यात कोणीही उतरण्याआधी चादर पूर्ण काढलेली असली पाहिजे. अर्धी गुंडाळून अर्ध्या भागात पोहू देणे कधीही मान्य करू नका. पूलभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक नसेल, तर हीट पंपाच्या आधी ते करून घ्या, कारण पाणी सुसह्य झाले की मुले त्याच्याकडे अधिक ओढली जातील.

वाऱ्याचेही पाहायला हवे. आपल्या शेजारच्या बागाईतदारांना हे सांगावे लागत नाही. थंडीची लाट आली की ते बागेच्या कडेला जुन्या साड्या किंवा जाळी बांधतात आणि पहाटे शेकोट्या पेटवतात. आपणही पूलच्या उत्तर आणि पूर्व बाजूंना पुरुषभर उंचीची दाट जाळी किंवा मेंदीचे कुंपण करावे. दक्षिण बाजू मात्र मोकळी हवी. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेला उभ्या असलेल्या झाडाची सावली जवळपास त्या झाडाच्या उंचीइतकीच लांब पडते. दुपारी बारा-साडेबाराला जाऊन उभ्या राहा आणि पूलचा किती भाग सावलीत आहे ते बघा. अशोकाची रांग असेल तर ती शेंड्याकडून छाटल्यास फुकटची उष्णता मिळेल.

एक गोष्ट आपल्याकडे बहुधा आहेच, ती वाया घालवू नका. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हिवाळ्यातही साधारण वर्षाच्या सरासरी तापमानाइतके, म्हणजे आपल्याकडे २५ अंशांच्या आसपास असते. पहाटे पंप सुरू केल्यावर त्यातून वाफा निघताना आपण पाहिल्या असतील. पूलची पातळी भरून काढायची असेल तर हे पाणी थेट सोडावे, आधी गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गार करून नव्हे. परंतु दर शुक्रवारी सगळा पूल उपसून ताजे कोमट पाणी भरायचे, ही काही फार्महाउसांत चालणारी पद्धत आपण उचलू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दर आठवड्याला ५४ हजार लिटर पाणी वाया घालवणे आपल्या भागाला परवडणारे नाही, आणि दोन दिवसांत ते पाणीही बाकीच्यासारखेच गार होते.

एवढे केल्यावर मग यंत्र. आपल्या परिस्थितीत हीट पंपच योग्य आहे. तो विजेने उष्णता तयार करत नाही, तर हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. त्यामुळे विजेच्या एका युनिटामागे साधारण चार युनिट उष्णता पाण्यात उतरते. मात्र माहितीपत्रकातला आकडा बहुधा २६-२७ अंशांच्या दमट हवेसाठीचा असतो. विक्रेत्याला १५ अंशांच्या हवेतला आकडा लेखी मागा. हवा गार होईल तशी यंत्राची क्षमता उतरते आणि पहाटेच्या थंडीत त्याच्या जाळीवर दव गोठून यंत्राला थांबून ते वितळवावे लागते. यावरून निघणारा निष्कर्ष सोपा आहे, तरी पुष्कळ जण नेमके उलटे करतात: पाणी रात्री गार होते म्हणून यंत्र रात्री चालवतात. आपण ते सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत चालवावे, कारण नाशिकला जानेवारीतही दुपारची हवा बहुतेक दिवशी २७-२८ अंशांच्या घरात असते. आपल्या वीजजोडणीला वेळेनुसार दराची आकारणी लागू असेल तर दिवसाच्या वेळेतली सवलत किती आहे ते बिलावर तपासा. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर फायदा आणखी मोठा.

विक्रेत्याने सांगितलेला ९ किलोवॅटचा पंप मला अपुरा वाटतो. तो आठ तास चालला तर ७२ युनिट उष्णता देईल, म्हणजे दिवसाला अंशभराहून थोडे जास्त, आणि त्यातला बराच भाग रात्री पुन्हा निघून जाईल. अशी यंत्रे दिवसरात्र चालवून तापमान टिकवण्याच्या हिशेबाने सुचवलेली असतात. आपल्याला आठवड्याच्या शेवटासाठी पाणी वर आणायचे आहे, तेव्हा १८ ते २० किलोवॅट उष्णता देणारे यंत्र घ्या. ते ताशी सुमारे पाच युनिट वीज घेऊन आठ तासांत पाणी अडीच अंशांनी वर नेईल. ते थ्री फेज जोडणीवर चालवणे बरे, त्यामुळे मंजूर भार पुरतो का हे यंत्र घेण्याआधी पाहून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), स्वतंत्र अर्थिंग आणि परवानाधारक वायरमनचे काम यांत एक पैसाही वाचवू नका, आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहा.

यंत्राची उष्णता देणारी नळी टायटॅनियमची असावी, कारण क्लोरीनच्या पाण्यात तीच टिकते. जोडणी फिल्टरनंतर आणि क्लोरीन सोडण्याच्या जागेच्या आधी यावी. यंत्र पंपघरात कोंडू नका. ते गार हवा बाहेर फेकते, आणि चार भिंतींत ठेवले की तीच गार हवा पुन्हा ओढत बसते. चालू असताना त्याच्याखाली पाणी साचेल. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असते. शंका आली तर त्याची क्लोरीनची चाचणी करा, क्लोरीन आढळला नाही तर गळती नाही. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात, म्हणून पाण्याचा कडकपणा एकदा तपासून घ्यावा.

सौर चटयांबद्दल आपण विचारले नाही, पण दक्षिणेकडे उतरते छप्पर किंवा मोकळी गच्ची असेल तर त्यांचा विचार जरूर करा. पूलसाठी काच नसलेल्या काळ्या चटया पुरतात. अंघोळीच्या पाण्याच्या काचेच्या नळ्या येथे लागत नाहीत, कारण आपल्याला ६० अंशांचे थोडे पाणी नको, २८ अंशांचे पुष्कळ पाणी हवे आहे. सुमारे ३०० चौरस फूट चटया स्वच्छ उन्हात दिवसाला सव्वा अंशाच्या आसपास भर घालतील आणि त्यांना पाणी फिरवण्यापुरतीच वीज लागेल. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर या हिवाळ्यात चादर, वारा अडवणे आणि हीट पंप, आणि पुढच्या वर्षी चटया, असा क्रम मी सुचवेन.

केवळ शनिवार-रविवारपुरते तापवता येईल का, याचे उत्तर असे, की शुक्रवारी सकाळी बटण दाबून संध्याकाळी पाणी तयार होणार नाही. तरी ‘एकदा तापवले की बंद करू नये, त्यानेच वीज वाचते’ हेही खरे नाही. पाणी जितके उष्ण तितकी त्याची उष्णता वेगाने जाते, त्यामुळे रविवारी रात्री यंत्र बंद करून, चादर घालून, पाणी दोन-तीन अंशांनी उतरू देणे स्वस्तच पडते. बुधवारी सकाळी यंत्र सुरू केले की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा २८ वर येईल. हंगामाच्या सुरुवातीला, किंवा मधला एखादा आठवडा बुकिंग नसल्यास, पाच दिवस आधी सुरुवात करा. असे चालवल्यास आठवड्याला दीडशे युनिटांच्या आसपास वीज लागेल. एक युनिट सर्व आकारांसह १२ रुपयांना पडते असे धरले तर साधारण १८०० रुपये, म्हणजे महिन्याला सात-आठ हजार. हीच उष्णता रॉडने दिली असती तर चौपट खर्च आला असता. चादर घातली नाही तर मात्र माझा हा आकडा विसरा. आपल्या बिलातला खरा दर घालून हिशेब पुन्हा करा आणि हा खर्च हिवाळ्याच्या भाड्यातच धरा. दारात आल्यावर ‘पाणी तापवण्याचे वेगळे पैसे’ मागितलेले कोणालाही रुचत नाही.

तापमान २८ अंशांच्या वर नेण्याचा मोह टाळा. स्पर्धांच्या पूलचे पाणी २५ ते २८ अंश असते. कुटुंबांसाठी २८ चांगले आहे, अगदी लहान मुले असतील तर २९. पण येथे एक गैरसमज होतो आणि तो आधीच दूर केलेला बरा. आपण घरी अंघोळीला ४० अंशांच्या आसपासचे पाणी घेतो, त्यामुळे ‘गरम पाण्याचा पूल’ असे वाचून आलेल्या पाहुण्याला २८ अंशांचे पाणी गारच लागेल. म्हणून ‘गरम’ हा शब्द वापरू नका, तापमानच सांगा. शुक्रवारी दुपारी फूटभर खोलीवरचे तापमान मोजा आणि थर्मामीटरचा फोटो पाहुण्यांना पाठवा. पोहण्याची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा अशी ठेवा आणि त्यानंतर चादर घाला. रात्री दहाला दहा-बारा अंशांच्या हवेत पूल उघडा ठेवणे पाण्यासाठी वाईट आहेच, पण जेवण आणि मद्यपान झाल्यावर अंधारात पाण्यात उतरणाऱ्यांसाठी ते अधिक वाईट आहे. या नियमाला कितीही आग्रह झाला तरी अपवाद करू नका.

पाणी उष्ण झाले की क्लोरीन लवकर खर्च होते. उपलब्ध क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि सामू ७.२ ते ७.८ आहे का, हे पाहुणे असताना दिवसातून दोनदा पाहावे. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर चादर काही तास काढून ठेवावी, नाहीतर खाली साठलेला क्लोरीन चादरच खाऊन टाकतो.

राहिला पैसे परत मागणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न. जाहिरातीत नुसते ‘स्विमिंग पूल’ असते तर मी वेगळे उत्तर दिले असते. आपण ‘वर्षभर पोहण्याची सोय’ असे लिहिले होते, ते वाचून मुलांना घेऊन लोक आले आणि १९ अंशांत मुलांना पोहता आले नाही. त्यांची तक्रार रास्त आहे. ते राहिले, जेवले, बंगला वापरला, त्यामुळे सगळी रक्कम देण्याचे कारण नाही, पण एका रात्रीच्या भाड्याचा काही भाग त्यांनी पुन्हा मागण्याआधी परत करावा आणि सोबत स्पष्ट पत्र द्यावे. पुढच्या वेळी सवलत देऊ असे सांगून हे टाळू नका, कारण त्यांना पुन्हा यायचे आहे की नाही हे अजून ठरलेले नाही. आणि जाहिरातीतली ती ओळ आजच बदला: यंत्र बसेपर्यंत ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूलचे पाणी थंड असते’ असे लिहा, आणि बसल्यावर ‘हिवाळ्यात पाणी २७ ते २८ अंश, पाच दिवस आधी कळवणे आवश्यक’ असे.